दाराच्या वरचं हँडल

नाशिकहून सप्तशृंगी गडाला, त्र्यंबकला, शिर्डीला माणसं नेणाऱ्या गाड्या सकाळी भरताना बघाव्यात. वयस्कर माणसाचा पाय पायरीवर पडायच्या आधी हात दाराच्या वर गेलेला असतो. हँडल कुठे आहे हे कुणी डोळ्यांनी शोधत नाही. मग गुडघ्याला न झेपणारा भार खांद्यातून त्या वीतभर प्लास्टिकवर येतो. नांदुरीहून गड चढताना प्रत्येक वळणावर तेच हँडल, कसारा उतरताना तेच, आणि पावसाळ्यात गावातल्या खड्ड्यांत तर रोज तेच. बसणाऱ्याला ते कशाच्या आधारावर टिकलंय हे माहीत नसतं, आणि माहीत करून घ्यायची वेळ त्याच्यावर येऊही नये.

ते माहीत हवं हँडल काढणाऱ्याला. काम पाच-दहा मिनिटांचं आहे, घरच्या घरी होण्यासारखं आहे. तरी घाईने काढलेलं हँडल लगेच ओळखू येतं, कारण खुणा आजूबाजूला राहतात: छताच्या फिकट लायनिंगवर स्क्रू ड्रायव्हरचा अर्धगोल वळ, काळ्या बोटांचे ठसे, एका टोकाची हरवलेली कॅप, आणि खड्ड्यातून गेलं की छतात कुठेतरी खुळखुळणारी लोखंडी क्लिप. दिसतं ते एवढंच. न दिसणारं नुकसान जास्त वाईट, ते म्हणजे अर्धवट बसलेलं हँडल. हाताने सहज ओढलं तर पक्कं वाटतं आणि पूर्ण भार आला की सुटतं. म्हणून माझ्या लेखी हे काम सीटकव्हर आणि मॅटच्या रांगेतलं नाही. सीटबेल्टच्या बोल्टला हात लावताना जी काळजी घेतो तीच इथे घ्यायची.

काढायची वेळ का येते? लायनिंग लोंबायला लागलं म्हणून. पावसात छताच्या कडेतून पाणी टपकतं म्हणून. डॅशकॅमची वायर मागच्या काचेपर्यंत न्यायची असते, छताच्या कडेचा पोचा डेंटरला आतून काढायचा असतो, नाहीतर हँडलच तुटलेलं असतं, किंवा सोडल्यावर सावकाश वर जाण्याऐवजी फटकन आपटत असतं. कारण काहीही असलं तरी हत्यार हातात घेण्याआधी समोरचं हँडल कोणत्या जातीचं आहे ते ओळखायला हवं.

जुन्या जीपच्या धाटणीच्या गाड्या, व्हॅन, ट्रकची केबिन इथे हँडल जागचं हलत नाही. दोन्ही टोकांना दोन छोट्या कॅप आणि त्यांच्याखाली एकेक स्क्रू किंवा दहाच्या डोक्याचा बोल्ट, एवढाच मामला. दुसऱ्या जातीचं हँडल दुमडतं, स्प्रिंगने परत छताला चिकटतं, पण आत स्क्रूच असतात. फक्त ते बिजागराच्या खोबणीत लपलेले असतात आणि हँडल खाली ओढून धरल्याशिवाय त्यांच्या कॅप दिसत नाहीत. तिसऱ्या जातीच्या दुमडत्या हँडलला स्क्रूच नसतो. पोलादी पट्टीची दुमडलेली क्लिप पत्र्यातल्या चौकोनी भोकात खटकन बसते आणि तिच्याच आधारावर सगळा भार असतो. दुसरी आणि तिसरी जात बाहेरून सारखीच दिसतात. एक कॅप उघडून मोबाइलचा टॉर्च मारायचा. फुली किंवा सहा टोकांची खाच दिसली तर स्क्रू. नुसतं गुळगुळीत प्लास्टिक आणि कॅपचे पाय आत शिरलेले दिसले तर क्लिप. ही खात्री न करता ओढाताण करणारे पहिल्याच मिनिटाला हँडलचा कान, म्हणजे टोकाचा जोड, मोडतात.

आता एअरबॅग. कर्टन एअरबॅग असलेल्या गाडीत दाराच्या वरच्या कडेला, लायनिंगच्या मागे, पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत घट्ट गुंडाळलेली कापडी पिशवी असते. म्हणजे हँडलच्या अगदी शेजारी. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत हा प्रश्नच नव्हता. ड्रायव्हरची एअरबॅग २०१९ मध्ये सक्तीची झाली, शेजारच्या सीटची २०२१ मध्ये आधी नव्या मॉडेलना आणि मग चालू मॉडेलना. सहा एअरबॅगची सक्ती आधी ऑक्टोबर २०२२ आणि मग ऑक्टोबर २०२३ पासून होणार होती, शेवटी ती बाजूला पडली. पण त्याच ऑक्टोबर २०२३ मध्ये भारत एनसीएपीची, म्हणजे गाड्यांना सुरक्षेचे स्टार देणारी, क्रॅश चाचणी सुरू झाली, आणि बऱ्याच कंपन्यांनी खालच्या व्हेरिएंटलाही सहा एअरबॅग देऊन टाकल्या. त्या सहांतल्या दोन या कर्टनच्या. त्यामुळे जुन्या बोलेरोवर हात बसलेल्या मिस्त्रीने नव्या गाडीचं छत त्याच हाताने उघडणं आता चालणार नाही.

तुमच्या गाडीत ती आहे की नाही हे खांबांच्या प्लास्टिकवर बघा. तिथे एअरबॅग अशी इंग्रजी अक्षरं उठवलेली असतात. असेल तर चावी बंद करून काढून ठेवायची, दहाच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवून बाजूला सारायची आणि थांबायचं. थांबायचं अशासाठी, की अपघातात बॅटरीच तुटली तरी एअरबॅग फुटली पाहिजे म्हणून तिच्या कंट्रोल युनिटमध्ये कपॅसिटरचा राखीव साठा असतो आणि तो ओसरायला वेळ लागतो. काही कंपन्या ९० सेकंद सांगतात, काही ३ मिनिटं. दहा मिनिटं थांबलात तर कुणालाच हरकत नाही. लायनिंगमागे पिवळ्या आवरणाची वायर किंवा पिवळा कनेक्टर दिसला तर तो एअरबॅगचा. तो उघडायचा नाही, त्याला मल्टिमीटर तर मुळीच लावायचा नाही, कारण मीटरच्या इवल्या करंटनेही तिची ठिणगी पडू शकते. हँडलच्या भोकात ड्रिल घालायचं नाही. मूळ स्क्रूपेक्षा लांब स्क्रू घालायचा नाही. तो पिशवीत घुसला तर बाहेरून काही कळत नाही, आणि ज्या दिवशी कळतं त्या दिवशी फार उशीर झालेला असतो. काही गाड्यांत हँडलच्या मागे पत्र्याला जोडलेली वेगळी पट्टी असते आणि तिच्यावरच पिशवीचे कान अडकवलेले असतात. असं दिसलं तर तिथेच थांबून गाडी अधिकृत वर्कशॉपला न्या. बॅटरी काढल्यामुळे घड्याळ आणि काचांचं एका टिचकीत वरखाली होणं नंतर पुन्हा जुळवावं लागतं, तेवढी तयारी ठेवायची.

हवामानाकडेही बघायचं. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा कधी पाच-सहा अंशांवर, कधी त्याच्याही खाली येतो, आणि नाशिकमध्येही पहाटे गाडीच्या आतलं प्लास्टिक हाताला कडक लागतं. त्या वेळी कॅप उचकटली तर तिचा कागदासारखा पातळ बिजागर तडकून सुटा होतो. ऊन चढू द्या, गाडी थोडी उन्हात ठेवा, मग हात लावा. मे महिन्यात बरोबर उलटं. दुपारभर तापलेल्या गाडीत लायनिंगचा गोंद मऊ झालेला असतो आणि हँडलच्या बुडाला चिकटलेलं कापड हँडलसोबत सोलून येऊ शकतं. तेव्हा काम सावलीत, सकाळी.

हत्यारं थोडी लागतात, पण नेमकी लागतात. नायलॉनची ट्रिम पट्टी, ती नसेल तर तीन मिलिमीटरचा चपटा स्क्रू ड्रायव्हर, टोकाला इन्सुलेशन टेपचे दोन वेढे देऊन. पीएच-२ आणि पीएच-३ असे दोन्ही स्टार. टॉर्क्सचे टी-२०, टी-२५, टी-३० हे बिट. दुकानात नुसतं स्टार मागितलं की फुलीचाच मिळतो, म्हणून सहा टोकांचा टॉर्क्स असं सांगून घ्या. दहाचा सॉकेट, लहान रॅचेट, लांब नाकाची पक्कड, आणि लांब दांड्याचं चुंबक. मास्किंग टेप आणि पेन. सगळ्यात आधी साबण: बोनेट उघडून बॅटरीची केबल काढलेली असते, त्याच हातांनी फिकट लायनिंगला स्पर्श केला तर तो डाग जन्मभर राहतो. लायनिंग ओलं करून घासता येत नाही, पाणी मुरलं की कापडाखालचा फोम सुटतो.

स्क्रूच्या हँडलपासून सुरुवात करू. कॅपच्या कडेला एका बाजूला नखाएवढी खाच असते. ती सापडली की पट्टी तिथे घालून कॅप अलगद उचलायची. खाच दिसत नसेल तर कडेवरून नख फिरवायचं, जिथे नख अडतं तिथून उघडायचं. पट्टीला टेकू लायनिंगचा द्यायचा नाही, हँडलच्याच प्लास्टिकचा द्यायचा. दुमडतं हँडल असेल तर ते सारखं वर पळतं आणि बोटं चेमटतात. हँडल पूर्ण खाली ओढून बिजागराजवळ कापडाची गुंडाळी अडकवली की दोन्ही हात मोकळे होतात.

स्क्रू खराब होतो तो बहुतेक वेळा चुकीच्या बिटमुळे. एम-६ च्या, म्हणजे सहा मिलिमीटर आट्यांच्या स्क्रूच्या फुलीला पीएच-३ लागतो, पण हाताशी असतो पीएच-२. तो बसतो, थोडा फिरतो, मग निसटून खाच गोल करून टाकतो. जपानी धाटणीच्या गाड्यांत फुलीच्या शेजारी एक बारीक ठिपका असलेले स्क्रू मिळतात. त्यांची खाच थोडी वेगळी, उथळ असते. नेहमीचा बिट त्यात खोल टेकत नाही, तेव्हा जेआयएस (जपानी मानक) लिहिलेला बिट वापरा, नाहीतर हाताचा दाब दुप्पट ठेवा. टॉर्क्सचंही तेच: टी-२५ च्या डोक्यात टी-२० जातो, फिरल्यासारखा वाटतो, आणि जोर लागला की कोपरे खातो. बिट घातल्यावर डावी-उजवी हलवून बघायची. हालचाल जाणवली तर एक नंबर मोठी. जोराची वाटणी अशी ठेवायची की दाब जास्त आणि पीळ कमी. तळहात मुठीच्या मागे, कोपर सरळ वर. गंजलेला स्क्रू हलत नसेल तर गंजतेलाचा स्प्रे छताकडे मारू नका, लायनिंग गेलंच समजा. कानकोरणीच्या कापसावर दोन थेंब घेऊन स्क्रूच्या डोक्याला लावा आणि पंधरा मिनिटं सोडा.

कधी स्क्रू फिरत राहतो पण बाहेर येत नाही. पत्र्याच्या मागचा वेल्डिंगचा नट सुटलेला असतो, किंवा खाचेत बसवलेला नट सोबत फिरत असतो. तेव्हा हँडल आणि लायनिंग यांच्या मध्ये नायलॉनची पट्टी सारून हँडल खाली ताणून धरायचं आणि त्या ताणात स्क्रू फिरवायचा. नट पत्र्याला घासून थांबतो आणि आटे सुटू लागतात. हे करूनही नट गेलाच तर पत्र्यात एम-६ चा नटसर्ट, म्हणजे पत्र्यातच घट्ट बसणारा नळीसारखा नट, बसवता येतो, पण त्याला जवळजवळ नऊ मिलिमीटरचं भोक लागतं. कर्टन एअरबॅगच्या गाडीत ते भोक घरी पाडायचं नाही. बाजारात मिळणारा जाड पत्रास्क्रू आवळून वेळ मारून नेणं तर कुठल्याच गाडीत नको. त्याचे आटे पातळ पत्र्यात दोन-तीन हिसके सहन करतात, मग भोक मोठं होतं.

क्लिपच्या हँडलमध्ये खरी गंमत कॅपची आहे. स्क्रूच्या हँडलची कॅप नुसतं झाकण असते, इथे ती कुलपाचा भाग असते. तिच्या मागच्या बाजूला एक-दोन जाड पाय असतात. कॅप पूर्ण दाबली की ते पाय क्लिपच्या दोन्ही पाकळ्यांच्या मध्ये जातात आणि पाकळ्या पत्र्यामागे फाकून राहतात. म्हणून कॅप जागेवर असताना हँडल कितीही ओढलं तरी ते यायला नको. तसं ओढून ते आलंच, तर काहीतरी मोडून आलेलं असतं. कॅपच्या खाचेत पट्टी घालून ती बाहेर ओढायची. काही हँडलांत ती पूर्ण निघते, काहींत अर्धी येऊन टिक असा आवाज करून थांबते आणि तेवढंच अपेक्षित असतं. अर्ध्यावर थांबणारी कॅप जोर लावून पूर्ण काढू नका, तिचे अडकण मोडतात. दोन्ही कॅप बाहेर आल्या की पाकळ्या सैल होतात. मग एक टोक धरून हँडल सरळ गाडीच्या आतल्या दिशेने ओढायचं, वाकडं न पिळता. घट्ट असेल तर लांब नाकाच्या पकडीने पाकळ्या आतल्या बाजूला दाबायच्या.

इथे सगळ्यात जास्त हरवते ती क्लिप. हँडल निघतं, क्लिप भोकात राहते, तिला काढायला बोट लावलं की आत पडते. छताच्या कडेचा तो पत्रा दोन थरांचा पोकळ बोगदा आहे, त्यात पडलेली वस्तू पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत कुठेही जाऊ शकते आणि मग प्रत्येक स्पीडब्रेकरला आवाज देते. भोकात राहिलेल्या क्लिपला आधी पकडीने धरा किंवा तिच्या फटीत दोरा ओवा, आणि मगच पाकळ्या दाबा. पडलीच तर गाडी न हलवता लगेच चुंबक घाला. क्लिप पोलादी असल्याने ती चिकटते, फक्त चुंबक भोकाच्या कडेलाच चिकटणार नाही इतका सावकाश आत न्यायला हवा.

निघालेल्या हँडलावर लगेच मास्किंग टेप लावून लिहायचं: डावं पुढचं, डावं मागचं, उजवं मागचं. बाहेरून सारखी दिसणारी हँडलं सारखी नसतात. एका टोकाच्या बिजागरात स्प्रिंग असते आणि दुसऱ्या टोकाला डॅम्पर, म्हणजे घट्ट सिलिकॉन ग्रीसमध्ये फिरणारा छोटा रोटर. त्यामुळेच चांगलं हँडल हात सोडल्यावर सावकाश वर जातं. आपटणाऱ्या हँडलचा डॅम्पर गेलेला असतो. तो बहुतेक सुटा मिळत नाही, आणि बिजागराची पिन ठोकून तो उघडायला गेलात तर स्प्रिंग कुठे उडते ते कळतही नाही. असं हँडल बदलून टाकावं. दुकानात असिस्ट ग्रिप म्हणून मागा, सोबत चॅसी नंबर द्या, बाजू आणि रंग सांगा, आणि क्लिप त्यात येतात की वेगळ्या घ्यायच्या ते आधीच विचारा.

हँडल हातात आहे तर उलटं करून बघण्यासारखं आहे. पाठीमागे फासळ्यांची जाळी असते, पुढून जाड दिसणारं हँडल तिच्यामुळेच वजनाला हलकं आणि वाकायला कठीण होतं. त्या फासळ्यांमध्ये दोन बाणांच्या मध्ये प्लास्टिकची जात लिहिलेली असते: पीपी, एबीएस, किंवा पीए६-जीएफ३०, म्हणजे ३० टक्के काचतंतू घातलेलं नायलॉन. जवळच डाव्या-उजव्याची खूण, साच्यातल्या कप्प्याचा नंबर आणि एक गोल शिक्का. शिक्क्याच्या कडेने बारा महिने, मध्ये साल, आणि एक बाण ज्या महिन्यात हा नग साच्यातून निघाला त्याच्याकडे वळलेला. नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या मोल्डिंग शॉपमध्ये काम केलेल्या माणसाला हा शिक्का बघताक्षणी वाचता येतो. हा महिना गाडीच्या महिन्याच्या थोडा मागे असायला हवा. शिक्का गाडीच्या जन्मानंतरचा असेल तर हँडल आधी कधीतरी बदललेलं आहे, आणि जुनी गाडी घेताना ही माहिती उपयोगी पडते: कुणीतरी छत उघडलं होतं, मग ते का उघडलं होतं हे विचारावं. त्याच वेळी दोन्ही कानांच्या मुळाशी बघा. तिथे पांढुरकी रेघ दिसली तर प्लास्टिक आतून फाटायला लागलेलं आहे. ते हँडल परत चढवू नये.

आणि ते भोक. पावसाळ्यात हँडलमधून पाणी टपकतंय अशी तक्रार त्र्यंबक-इगतपुरीकडे सारखा जाणारा माणूस हमखास आणतो, आणि लोक हँडलच्या भोवती सिलिकॉन भरून टाकतात. पाणी हँडलमधून आलेलं नसतं. छतावर कुठेतरी शिरलेलं पाणी त्याच पोकळ पत्र्यातून घरंगळत येतं आणि हँडलचं भोक ही त्याला मिळालेली बाहेरची वाट असते. ती वाट बुजवली तर पाणी लायनिंगमध्ये मुरतं, खांबातून खाली उतरतं आणि शेवटी मॅटखाली, सीटबेल्टच्या नटाशी साचून गंज धरतं. हँडल काढल्यावर टॉर्च मारून भोकाच्या आतल्या रंगावर मातकट ओघळ आहे का बघा, आणि तो पुढून आलाय की मागून ते बघा. मग गाडीच्या आत एक जण टॉर्च घेऊन आणि बाहेर एक जण साधा पाइप घेऊन, खालून वर पाणी सोडत जा. आधी पुढच्या काचेची कडा, मग छताच्या कडेची पन्हळ, मग कॅरिअरचे बोल्ट, मग अँटेनाचं बूड, शेवटी सनरूफ. प्रत्येक जागेला काही मिनिटं द्या, वरून सुरुवात केली तर सगळं एकदम भिजतं आणि काही कळत नाही. मागाहून बसवलेल्या कॅरिअरचे बोल्ट आणि पन्हळीतला तडकलेला सीलंट या दोन जागा मला सगळ्यात आधी संशयाच्या वाटतात. सनरूफ असेल तर त्याच्या कोपऱ्यांतून खांबात उतरणाऱ्या निचऱ्याच्या नळ्या धुळीने आणि पानांनी तुंबतात. त्या नायलॉनच्या लवचिक दोऱ्याने हळू मोकळ्या करायच्या. कॉम्प्रेसरची हवा मारली तर नळी आतल्या आत जागेवरून निसटते, आणि मग सगळं छत खाली घ्यावं लागतं.

लायनिंगच्या कामात हँडलांचा आणखी एक उपयोग कळतो. छताची ती अखंड पाटी सनव्हायझर, आतला दिवा, खांबांचं प्लास्टिक, दाराचं रबर आणि ही हँडलं यांनीच धरलेली असते. एखादंच हँडल काढलं तर लायनिंग खाली येत नाही. सगळी एकदम काढायची असतील तर शेवटचं हँडल काढताना आत दुसरा माणूस पाटी धरायला हवा, कारण ती मधून वाकली की कायमची घडी पडते. २०२७ च्या सिंहस्थाआधी टूरच्या कितीतरी जुन्या गाड्यांची लायनिंगं बदलली जातील. त्या प्रत्येक गाडीत चार-पाच हँडलं उतरून पुन्हा चढणार आहेत, आणि त्यांना धरून चढणारे बहुतेक जण साठीच्या पुढचे असणार आहेत. लायनिंगवाल्याकडून गाडी घेताना कापड किती ताणलंय हे सगळे बघतात. प्रत्येक हँडलला हात लावून बघणं हे माझ्या मते त्याहून आधीचं काम.

बसवताना क्रम उलटत नाही, तो वेगळाच असतो. स्क्रूचं हँडल असेल तर आधी लायनिंगचं भोक आणि पत्र्याचं भोक एका रेषेत आणायचं, दोन्ही स्क्रू हाताने तीन-चार आटे फिरवायचे आणि मगच एकेक आवळायचा. पहिला पूर्ण आवळून दुसऱ्याकडे गेलात की दुसरा तिरका शिरतो आणि नटाचे आटे कापतो. आवळताना मनगटाचा जोर पुरे. एम-६ चा पोलादी नट बराच पीळ सोसतो, पण मध्ये हँडलचं प्लास्टिक आहे, ते आधी चिरडतं. वायसर किंवा लोखंडी नळी मूळची असेल तर ती परत गेलीच पाहिजे, स्क्रूचा दाब प्लास्टिकऐवजी तिच्यावर यावा म्हणून ती घातलेली असते.

क्लिपच्या हँडलमध्ये आधी क्लिप हँडलला लावायची, कॅप अर्धी बाहेर ठेवायची, हँडल भोकावर सरळ टेकवून तळव्याने दाबायचं, दोन्ही टोकांचे दोन खटके ऐकायचे आणि मगच कॅप दाबायच्या. कॅप आधी दाबली तर पाकळ्या फाकलेल्याच राहतात, भोकात जात नाहीत, आणि माणूस बुक्क्या मारतो. शेवटी हँडल आत जातंही, पण एक पाकळी वाकून. सर्व्हिस मॅन्युअल क्लिप नवी घालायला सांगत असेल तर नवीच घाला, जुनी पकडीने फाकवून वापरू नका. पोलाद एकदा वाकलं की त्याची उसळी गेलेली असते.

खांबावर उभं हँडल असेल, उंच गाड्यांत असतं, तर ते काढताना खांबाचं प्लास्टिकही सुटतं. कर्टन एअरबॅगच्या गाडीत त्या प्लास्टिकच्या मागे दोरीवजा क्लिप असते. एअरबॅग फुटताना ते उडून अंगावर येऊ नये म्हणून ती ठेवलेली असते. ती बहुधा एकदाच वापरायची असते. ती कापून काम उरकलं असेल तर ते काम अर्धवट आहे.

खालच्या व्हेरिएंटला वरच्या व्हेरिएंटचं हँडल बसवता येतं का, हे पुष्कळ जण विचारतात. लायनिंगवर हँडलच्या जागी दोन बंद कॅप असतील तर बहुधा पत्र्यात भोकं तयार असतात आणि काम सोपं असतं. लायनिंग सपाट असेल तर आधी एक कड खाली घेऊन पत्र्यात भोकं आहेत याची खात्री करा, लायनिंग कापायला नंतर घ्या. उलट, हँडल कायमचं काढायचं असेल तर भोकं उघडी ठेवू नका. कंपनीच्या डमी कॅप मिळतात, त्या लावल्या की धूळही थांबते आणि लायनिंगची कडाही धरून राहते.

सगळं झाल्यावर हँडल दोन्ही हातांनी आधी सावकाश सरळ खाली ओढायचं, मग तिरकं, गाडीत चढणारा माणूस ओढतो त्या दिशेने, अंगाचा भार हळूहळू देत. कट असा आवाज आला किंवा बूड आणि लायनिंग यांच्यात फट पडली तर लगेच उतरवा. मागच्या हँडलला कपड्यांचा हुक असेल तर कर्टन एअरबॅगच्या गाडीत त्याला शर्ट थेट अडकवायचा, लाकडी किंवा तारेचा हँगर नाही, पिशवी उघडताना तो कुणाच्या तरी तोंडावर फेकला जातो. खराब रस्त्यावरून एक चक्कर मारून आवाज ऐका, काच वर, गाणी बंद. आणि आठवड्याभराने सगळ्या कॅपवरून अंगठा फिरवा. एखादी केसभर वर आलेली लागली तर नुसती दाबून सोडू नका. तिच्या मागची क्लिप पूर्ण फाकलेली नाही, ते टोक काढून पुन्हा बसवा.